चष्म्याआडचा सुपरमॅन
सुपरहीरोंची गुपितं किती पक्की? आज तुम्हीच व्हा परीक्षक!

दोस्तांनो, सुरुवातीलाच एक कोडं.

एका मोठ्या वर्तमानपत्राच्या कचेरीत एक उंचापुरा, रुंद खांद्यांचा बातमीदार काम करतो. नाकावर चष्मा, चालताना अडखळणं, बोलताना चाचरणं. शहरात कुठं आग लागली किंवा पूल कोसळला, की हे महाशय हमखास गायब! आणि नेमका त्याच वेळी आकाशातून उडत येतो एक उंचापुरा, रुंद खांद्यांचा वीर. तोंडावर ना मुखवटा, ना बुरखा. चष्मा तेवढा नाही. ओळखा पाहू, हे दोघं कोण?

लगेच ओळखलंत ना? क्लार्क केंट आणि सुपरमॅन!

आता खरी गंमत पुढंच आहे. तुम्हाला जे चुटकीसरशी कळलं, ते त्याच कचेरीत काम करणाऱ्या लोइस लेनला वर्षानुवर्षं कळू नये? ती तर नावाजलेली बातमीदार. बातमी हुडकून काढणं हाच तिचा धंदा. आपण हात न धुता पानावर बसलो तर आईला स्वयंपाकघरातून कळतं, आणि इथं एवढा मोठा सुपरमॅन डोळ्यांसमोर बसलाय तरी पत्ता नाही!

चला तर, आज आपण मास्तर होऊ या आणि या सुपरहीरो मंडळींना परीक्षेला बसवू या. विषय एकच: गुपित राखणं. गुण दहापैकी.

लपायचं तरी कशाला?

सगळेच सुपरहीरो लपतात असं नाही बरं का. १९६१ साली आलेल्या 'फँटॅस्टिक फोर'मधल्या चौघांची नावं सगळ्या गावाला ठाऊक होती. २००८ सालच्या सिनेमात तर टोनी स्टार्क शेवटी भर पत्रकार परिषदेत आपणच आयर्न मॅन असल्याचं सांगून मोकळा होतो.

पण बाकीच्यांना लपावं लागतं, त्याला कारण आहे. सुपरहीरोला हरवणं कठीण. मग शत्रू काय करतो? त्याच्या घरच्या माणसांवर डोळा ठेवतो. स्पायडरमॅनच्या अंगात बळ आहे, पण त्याच्या म्हाताऱ्या मे काकूच्या अंगात कुठं आहे? म्हणून नाव लपवायचं. दुसरं कारण असं, की चोवीस तास सुपरहीरो राहायचं म्हणजे शिक्षाच की! मित्रांबरोबर चार घटका बसायला, नोकरी-शाळा करायला साधं माणूसपणही हवंच.

ही युक्ती काही सुपरमॅनची नाही. बॅरोनेस ऑर्झी या लेखिकेची 'द स्कार्लेट पिंपर्नेल' ही कादंबरी १९०५ साली आली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत माणसांना मृत्यूच्या दाढेतून सोडवणारा तिचा नायक एरवी कपड्यालत्त्यांत रमलेला, बावळट श्रीमंत म्हणून मिरवतो. त्याच्या बायकोलाही पत्ता नसतो! १९१९ साली जॉन्स्टन मॅक्युली यांनी झोरोला जन्म दिला. तोही दिवसा आळशी जमीनदार आणि रात्री मुखवट्यातला तलवारबहाद्दर.

आणि आपल्याकडे? पांडवांचा अज्ञातवास आठवा! अर्जुन झाला नृत्य शिकवणारी बृहन्नडा, भीम झाला आचारी बल्लव, द्रौपदी झाली सैरंध्री. शस्त्रं शमीच्या झाडावर. वर्षभरात ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षं वनवास! चेहरे कुणी ओळखले नाहीत. पण कीचकासारखा बलाढ्य सेनापती नुसत्या हातांनी मारला गेल्याची बातमी पसरली, आणि कथा सांगणारे सांगतात, की दुर्योधनाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. असं काम भीमाशिवाय कोण करणार?

म्हणजे रूप लपवता येतं, पण करणी लपत नाही. हे सूत्र ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

हजेरी क्रमांक १: सुपरमॅन

जेरी सीगल आणि जो शुस्टर या अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी सुपरमॅन रचला. १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्याच अंकात तो अवतरला, आणि त्याच अंकात क्लार्कचा चष्माही होता, लोइसही होती.

सगळे हसतात ते या चष्म्यालाच. पण थांबा! २०१६ साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी खरोखरच चष्म्याची परीक्षा घेतली. लोकांना अनोळखी माणसांच्या फोटोंच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, की सांगा, दोन्ही फोटो एकाच माणसाचे की वेगवेगळ्या माणसांचे? एका फोटोत चष्मा आणि दुसऱ्यात नाही असं असलं, की लोकांचा अचूकपणा सुमारे सहा टक्क्यांनी घसरला.

सहा टक्के म्हणजे फार नाही. पण अगदीच शून्यही नाही. रस्त्यावरचा अनोळखी माणूस चष्म्याला फसू शकतो.

मेख आहे ती 'अनोळखी' या शब्दात. ज्यांना आपण नीट ओळखतो त्यांचे चेहरे आपण धूसर फोटोतही ओळखतो. ताईनं केस कापले, दादानं मिशी ठेवली, तरी आपली गफलत होते का? मग रोज भेटणारी लोइस नुसत्या चष्म्याला कशी फसेल?

तर क्लार्क नुसता चष्मा लावत नाही, तो सगळा माणूसच बदलतो. १९७८ सालच्या 'सुपरमॅन' सिनेमात ख्रिस्तोफर रीव्ह या नटानं हे फार झकास दाखवलंय. लोइसच्या घरी क्लार्क क्षणभर चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, खांदे मागं नेतो, आवाज भरदार करतो, आणि बघता बघता आपल्यासमोर सुपरमॅन उभा राहतो! मग धीर खचतो, खांदे पडतात, चष्मा चढतो आणि पुन्हा क्लार्क. जादू चष्म्यात नाही, त्या खांद्यांत आहे.

त्यात आणखी एक हुशारी. स्पायडरमॅन तोंड झाकतो, म्हणून प्रत्येक जण विचारतो, 'आत कोण आहे?' सुपरमॅन तोंड झाकतच नाही. मग त्याला आणखी एखादं नाव असेल, तो कुठं तरी पगार घेत असेल, अशी शंका कुणाला का यावी?

याचा सगळ्यात भारी नमुना १९८७ सालच्या एका गोष्टीत आहे. सुपरमॅनचा कट्टर वैरी लेक्स लूथर हा महाबुद्धिमान. तो सुपरमॅनविषयीची सगळी माहिती संगणकात भरायला लावतो. संगणक बिनचूक उत्तर देतो: क्लार्क केंट हाच सुपरमॅन! आता बोला! पण लूथर ते उत्तरच धुडकावतो. त्याचं म्हणणं असं, की एवढी ताकद असलेला माणूस साध्यासुध्या बातमीदाराचं सोंग घेऊन कशाला जगेल? स्वतः लूथर तसं कधीच जगला नसता ना! उत्तर हातात होतं, पण त्याच्या घमेंडीला ते दिसलं नाही.

आपल्या 'शक्तिमान'चंही हेच. १९९७ साली दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली, तेव्हा चष्मेवाला, पुढं आलेल्या दातांचा, बावळट गंगाधर पाहून पोरं पोट धरून हसायची. ज्याला हसतो त्याच्यावर कुणी संशय घेतं का?

सुपरमॅनला गुण: दहापैकी आठ. दोन गुण कापले ते प्रत्येक संकटाच्या वेळी कचेरीतून गायब झाल्याबद्दल!

हजेरी क्रमांक २: स्पायडरमॅन

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा पीटर पार्कर १९६२ साली आला तेव्हा शाळकरी पोरगा होता. मुखवटा एकदम पक्का, डोळ्यांची बुबुळंही दिसत नाहीत. पण बाकीचा कारभार? पीटर स्पायडरमॅनचे फोटो 'डेली ब्यूगल'ला विकतो. गावात इतरांना जमत नाहीत असे फोटो या एकाच पोराला बरे मिळतात! संपादक जेमसन स्पायडरमॅनच्या नावानं बोटं मोडत राहतो आणि त्याच्याच हातात फोटोचे पैसे ठेवतो.

१९६४ सालच्या एका गोष्टीत तर कहरच झाला. डॉक्टर ऑक्टोपसनं सगळ्यांसमोर स्पायडरमॅनचा मुखवटा ओढून काढला. आत पीटर! आता संपलं सगळं, असं वाचणाऱ्याला वाटलं. पण पीटरला त्या दिवशी नेमका फ्लू झाला होता, अंगात त्राण नव्हतं आणि तो लढताना पार लुळा पडला होता. सगळ्यांनी काय ठरवलं? हा कसला स्पायडरमॅन! हा तर त्याचे कपडे घालून आलेला वेडा पोरगा! मुखवटा गेला, तोंड दिसलं, तरी गुपित शाबूत. लोकांनी चेहरा पाहिला, पण विश्वास ठेवला तो आपल्या मनातल्या पीटरवर.

पण दरवेळी फ्लू मदतीला येत नाही. १९६६ साली ग्रीन गॉब्लिननं त्याचा गुपचूप पाठलाग केला आणि त्याला कपडे बदलताना पाहिलं. हा गॉब्लिन म्हणजे पीटरच्याच मित्राचा, हॅरीचा बाप! त्या एका नजरेची किंमत १९७३ सालच्या अंकात कळली. गॉब्लिननं पीटरच्या मैत्रिणीला, ग्वेन स्टेसीला पळवून पुलावर नेलं, आणि पीटर तिला वाचवू शकला नाही. सुपरहीरो शेवटच्या क्षणी येऊन सगळ्यांना वाचवतोच, अशी खात्री असलेल्या वाचकांना तो अंक वाचून धक्काच बसला. लपायचं कशाला, या प्रश्नाचं खरं उत्तर त्या पुलावर आहे.

२०२१ सालच्या सिनेमात पीटरचं नाव जगजाहीर झालेलं असतं. शेवटी एका मंत्रानं सगळं जग पीटरला विसरतं. गुपित पुन्हा पक्कं! पण विसरणाऱ्यांत त्याचा जिवलग दोस्त नेड आणि मैत्रीण एमजेही असतात. ती समोर उभी असते आणि त्याला ओळखत नाही. गुपित मिळालं, पण दोस्त गेले. फायद्याचा सौदा झाला का हो हा?

स्पायडरमॅनला गुण: दहापैकी चार. मुखवट्याचे पैकीच्या पैकी, पण एकट्यानं सगळं ओढण्यात दमछाक!

हजेरी क्रमांक ३: बॅटमॅन

१९३९ सालच्या बॅटमॅनच्या पहिल्याच गोष्टीत ब्रूस वेन कुठं बसलेला असतो माहीत आहे? थेट पोलीस कमिशनर गॉर्डन यांच्या घरी, गप्पा छाटत! बॅटमॅनला शोधायचं ज्यांच्या हातात, त्यांच्याच समोर बॅटमॅन. ब्रूसची युक्ती पिंपर्नेलची आणि झोरोची: रिकामटेकड्या श्रीमंताचं सोंग.

पण बॅटमॅनचं गुपित एका पोरानं फोडलं, तेही घरबसल्या. पोराचं नाव टिम ड्रेक, गोष्ट १९८९ सालची. टिम अगदी लहान असताना सर्कस पाहायला गेला होता. तिथं ग्रेसन कुटुंब उंच झोक्यांवर कसरती करायचं. हवेत चार कोलांट्या मारण्याची त्यांची एक कसरत होती, जी जगात मोजक्याच लोकांना जमत असे. त्याच रात्री ग्रेसन आई-बाप पडून गेले आणि त्यांचा मुलगा डिक याला ब्रूस वेननं आपल्या घरी नेलं. पुढं काही वर्षांनी टिमनं टीव्हीवर बातम्या पाहिल्या. त्यात बॅटमॅनचा जोडीदार रॉबिन अगदी तश्शाच चार कोलांट्या मारत होता! टिमनं दोन आणि दोन चार केले: रॉबिन म्हणजे डिक, मग बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेन.

आलं ना सूत्र कामाला? रूप लपलं, करणी लपली नाही.

पण टिमचं खरं मोठेपण याच्या पुढं आहे. जगातलं सगळ्यात मोठं गुपित हाताला लागलं, तर आपण काय करू? मधल्या सुट्टीपर्यंत तरी दम निघेल का? टिम वर्षानुवर्षं गप्प राहिला. बोलला तो बॅटमॅन दुःखानं खचत चाललाय असं दिसल्यावर, आणि तेही त्याला मदत करायला.

दुसरे असेच कमिशनर गॉर्डन. १९८७ सालच्या 'बॅटमॅन: इयर वन' या गोष्टीत एक माणूस जिवावर उदार होऊन त्यांच्या तान्ह्या मुलाला वाचवतो. त्या माणसाच्या तोंडावर मुखवटा नाही. तो समोर उभा आहे. गॉर्डन म्हणतात काय, तर चष्मा नसल्यामुळं आपल्याला नीट दिसत नाही! आणि त्याला जाऊ देतात. खरंच दिसलं नसेल, की पाहायचंच नव्हतं? तुम्हीच ठरवा.

शिवाय घरात अल्फ्रेड आहेच. बॅटमॅनच्या जखमा बांधणारा, वेळेला जेवायला वाढणारा, चुकला तर चार शब्द सुनावणारा.

बॅटमॅनला गुण: दहापैकी सात. त्यातले निम्मे टिम, गॉर्डन आणि अल्फ्रेड यांनी मिळवून दिलेले!

हजेरी क्रमांक ४: वेताळ

हा कोण, असं विचारू नका, सरळ आई-बाबांना किंवा आजोबांना विचारा. बघा कसे डोळे चमकतात! ली फॉक यांचा 'फँटम' १९३६ सालचा, म्हणजे सुपरमॅनच्याही आधीचा. १९६४ ते १९९० या काळात इंद्रजाल कॉमिक्समधून तो मराठी घरांत वेताळ होऊन राहिला.

वेताळाची युक्ती सगळ्यांत वेगळी. लोकांना वाटतं तो चारशे वर्षं जगतोय, त्याला मरणच नाही. खरं म्हणजे बाप गेला की मुलगा तेच कपडे, तोच मुखवटा चढवतो. आताचा वेताळ एकविसावा! शहरात जाताना तो लांब कोट, टोपी आणि काळा चष्मा घालतो आणि साधा मिस्टर वॉकर म्हणून हिंडतो.

पण कवटीच्या गुहेजवळ राहणारे बांदार लोक? त्यांना सगळं ठाऊक आहे. त्यांनी प्रत्येक वेताळाचा जन्म पाहिलाय, मरण पाहिलंय. अख्ख्या जमातीला माहीत असलेली गोष्ट पिढ्यान् पिढ्या बाहेर गेली नाही.

वेताळाला गुण: दहापैकी नऊ. वर्गात पहिला!

हजेरी क्रमांक ५: कमला खान

आता वर्गातली सगळ्यात लहान विद्यार्थिनी. अमेरिकेतल्या जर्सी सिटीची कमला खान, पाकिस्तानी कुटुंबातली शाळकरी मुलगी. २०१४ साली ती 'मिस मार्व्हल' या नावानं स्वतःच्या कॉमिकची नायिका झाली. घरात कडक शिस्त, उशीर झाला की बोलणी. बिचारी कमला सगळ्या थापा मारून थकते. २०१५ सालच्या एका अंकात, शहरावर महासंकट आलेलं असताना ती धीर करून आईला खरं सांगायला जाते, तर काय? आईला केव्हाच कळलेलं असतं! आणि रागावणं राहिलं बाजूला, आई तिला जवळ घेते.

गुण द्यायचे तर कमला नापास. पण सगळ्या परीक्षेत घरी जाताना मोकळ्या मनानं गेली असेल तर हीच एकटी.

इथं एक गोष्ट आई-बाबांनीही वाचावी. गुपितं दोन तऱ्हेची असतात. वाढदिवसाची भेट लपवून ठेवली, तर ते गुपित मनाला गुदगुल्या करतं. पण ज्या गुपितानं पोटात गोळा येतो, झोप उडते, किंवा कुणी मोठ्या माणसानं 'घरी सांगू नकोस हं' असं दटावून गळ्यात बांधलेलं असतं, ते एकट्यानं वाहायचं नसतं. बॅटमॅनलासुद्धा अल्फ्रेड लागतो! तुमचा अल्फ्रेड कोण, ते आजच ठरवून ठेवा. आणि आई-बाबा, मूल सांगायला येईल तेव्हा कमलाच्या आईसारखं आधी जवळ घ्या, विचारपूस मागाहून.

निकाल

आता सगळे पेपर पुन्हा एकदा चाळा पाहू. चष्म्यानं सुपरमॅनला थोडीशीच मदत केली, खरी मदत केली ती बावळट माणसाकडं कुणी नीट बघत नाही या सवयीनं. मुखवटा निघाला तरी पीटर वाचला, कारण लोकांचं मत आधीच ठरलेलं होतं. आणि बॅटमॅन, वेताळ टिकले ते सगळं कळूनही गप्प राहिलेल्या माणसांमुळं. म्हणजे गुपित मुखवटा राखत नाही, आजूबाजूची माणसं राखतात. काही न बघून, तर काही बघूनही न बोलून.

यातली पहिली तऱ्हा लूथरची, दुसरी टिमची. आपण कुठल्या बाकावर बसायचं?

उद्या शाळेत गेलात की शेवटच्या रांगेतल्या त्या चष्मेवाल्या, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या मुलाकडं किंवा मुलीकडं जरा नीट बघा. उडता येत नसेल कदाचित. पण हवेत चार कोलांट्यांसारखं काही तरी येत असेल, ज्याचा वर्गाला अजून पत्ताच नाही. शोधा पाहू! आणि शोधलंत, तर ते कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे आधी त्यालाच विचारा हं!